वडिलांच्या खुणेवर एकतीस भोकं

सोमवार, १० मार्च. दुपारी १२.

हूंऽऽम. मग लांबवर, तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पुन्हा एकदा हूंऽऽम. सात वर्षांचा होतो तेव्हा हा आवाज पहिल्यांदा ऐकला. वडिलांच्या शेजारी, रेनडियरच्या एकाच कातड्याखाली. मी दचकून उठलो तर वडील म्हणाले, "बर्फ तडकतोय. तळं कूस बदलतंय, बदलू दे. तू नको बदलू, पांघरूण जातं माझं."

तो आवाज पुन्हा ऐकायला एकोणसत्तर वर्षांनी राउतू तळ्यावर आलो आहे. अजून ऐकू आलेला नाही. मला इथे सोडणाऱ्या आस्लाकच्या स्नोस्कूटरने कान भरून गेलेत.

या वहीत फक्त खरं लिहायचं. ही वही कोणाला दाखवायची नाही, लेकीला, मेर्वीला, तर नाहीच.

मेर्वीशी ठरलेलं असं: सात दिवस एकट्याने रानात काढायचे. निदान एक राउतू मासा धरायचा, लाल पोटाचा, हाताएवढा. रविवारी बारा किलोमीटर स्कीवरून स्वतःच्या पायांनी घरी यायचं. जमलं तर टेकडीवरचं माझं घर सोडण्याबद्दल ती वर्षभर चकार शब्द काढणार नाही. नाही जमलं तर गावातल्या हिल्लाकोती ज्येष्ठ निवासाच्या अर्जावर मी सही करायची. जानेवारीत सौनात, घरच्या वाफेच्या न्हाणीत, पाय घसरला त्यावरून हे सगळं रामायण. मी म्हटलं, सौनात तरुण माणसंही पडतात. ती म्हणाली, "बाबा, तरुण माणसं तिथे दोन तास पडून कविता म्हणत बसत नाहीत."

म्हणत होतो, हे खरं. मदत येईपर्यंत वेळ कसा घालवायचा?

आस्लाकने निघताना विचारलं, "तौनोकाका, मधेच येऊन बघून जाऊ का?" मी म्हटलं, खबरदार. तो हसला. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

दुपारी ४.

संकल्प: १) वाटसरूंसाठी बांधलेल्या इथल्या खोपीत झोपायचं नाही. तंबूत, स्प्रूसच्या फांद्यांवर, वडिलांसारखं. २) मेर्वीने भरून दिलेल्या सॉसेजना हात लावायचा नाही. जे तळं देईल ते खायचं. ३) रोज पहाटे एक कविता पाठ म्हणायची.

संध्याकाळी ६.

तंबू उत्तम लागला. आत तासभर पडून पाहिलं. उणे सव्वीस. तंबूला काही दोष नाही. तंबू उद्यापासून. खोपीत शेगडी आहे आणि मागच्या माणसाने रीतीप्रमाणे फोडून ठेवलेली लाकडं आहेत. ती न वापरणं म्हणजे त्या अनोळखी माणसाचा अपमान.

एक सॉसेज खाल्लं. तळ्याने अजून काही दिलेलं नाही, कारण मी अजून काही मागितलेलं नाही.

मंगळवार, ११ मार्च. सकाळी ९.

पहाटेची कविता म्हटली. चौथीत शाळेच्या समारंभात म्हटली होती, हिवाळ्याची, बावीस कडव्यांची. पहिली तीन आणि शेवटची दोन अजून तोंडपाठ. मधली सतरा आठवत नाहीत. पण खरं पाहता कवितेचा प्राण सुरुवातीला आणि शेवटी असतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे जागा. हे गुपित माझ्याखेरीज जिवंत माणसांत कोणालाही माहीत नाही. खोपीचं धुराडं आणि टेकडीवरचा दुभंगलेला पाइन एका ओळीत धरायचे. त्या ओळीवरून चालत जायचं, डावीकडचा मोठा खडक उघडा दिसेपर्यंत. तिथे भोक पाडायचं. वडिलांनी मला हे शपथ घालून सांगितलं होतं. लोक नकाशे घेऊन फिरतात. मी बत्तीस वर्षं या मुलखात टपाल वाटलं, मला नकाशा लागत नाही.

दुपारी ३.

सहा भोकं. गिरमीट लोण्यातून जावं तसं गेलं, मनगटात अजून जोर आहे. बर्फाखाली पाणी वीतभर, तपकिरी. खाली काळा मऊ चिखल. तळ समृद्ध आहे. वडील म्हणायचेच, चांगला राउतू अवघड जागी असतो.

मासा नाही. पहिला दिवस, साहजिक आहे.

दोन सॉसेजं. गिरमीट फिरवायला ताकद लागते.

बुधवार, १२ मार्च. सकाळी १०.

छोटा अपघात. गळाला लावायच्या अळ्यांची डबी मच्छीमार शर्टाच्या खिशात, अंगाशी ठेवतो, म्हणजे अळ्या गोठत नाहीत. मी ती काल स्कीच्या पिशवीत विसरलो. गोठल्या. म्हणून शेगडीजवळ फळीवर ठेवली, झाकण किंचित उघडून, त्यांनाही हवा लागते. सकाळी डबी रिकामी. अळ्या माझ्या झोपायच्या पिशवीत. सगळ्या जिवंत आणि उत्साही. म्हणजे उपाय लागू पडला. उरलेला वेळ मोजून परत डबीत भरण्यात गेला. चौदा सापडल्या. एकूण वीस होत्या. बाकीच्या सहांचा विचार करायचा नाही असं ठरवलं आहे.

कविता राहिली.

दुपारी ३.

आणखी सात भोकं. एकूण तेरा. आज एक आश्चर्य घडलं. गिरमिटाच्या पात्याबरोबर शेवाळाचा गोळा वर आला आणि त्यात तीन क्रॅनबेरी. लाल, टपोऱ्या, गोठलेल्या. क्रॅनबेरी उगवते दलदलीत, हे शेंबडं पोरही सांगेल. मग ती तळ्याच्या तळाशी कशी? वाहून आली असणार. निसर्ग अगाध आहे. तिन्ही खाल्ल्या. तळ्याने दिलेलं पहिलं अन्न. मेर्वीला सांगायला हरकत नाही.

त्यावर वाटाण्याच्या सूपचा एक डबा. संकल्प सॉसेजबद्दल होता, सूपबद्दल नव्हता.

गुरुवार, १३ मार्च. दुपारी १.

वारा. बाहेर जाण्यात अर्थ नव्हता, तरी गेलो. दहा भोकं. एकूण तेवीस. ती नीट एका ओळीत आहेत, वरून कोणी पाहिलं तर कौतुकच करेल.

तळ्याच्या मधोमध एक बुटकं बर्चचं झुडूप बर्फातून वर आलेलं दिसलं. गुडघ्याएवढं. म्हणजे तळ्याची पातळी भयंकर उतरली आहे. हवामान बदललं म्हणतात ते उगीच नाही. गावी गेलो की वर्तमानपत्राला पत्र लिहायचं. मथळा: एका तळ्याचा मृत्यू. त्यात एखादी ओळ कवितेची.

दुपारी ४.

शेगडी पेटेना. फोडलेली लाकडं संपली, ओंडके ओले. पिशवीच्या तळाशी कोरडा कागद सापडला, चार पानं, जाड, छान पेटला. पेटल्यावर वाचलं तर हिल्लाकोतीचा अर्ज. मेर्वीने गुपचूप घातला असणार. हे मी मुद्दाम केलेलं नाही. तरी आता सही करणं शक्य नाही हे तिने समजून घ्यायला हवं. मनाला फार हलकं वाटलं. शेवटचं सॉसेज तळलं.

सॉसेज तळताना बायकोची, हेल्वीची आठवण आली. हिवाळ्याच्या लांब रात्रीनंतर जानेवारीत सूर्य परत येतो त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफी घेऊन बसायची. पहिल्यांदा टेकडीच्या कडेवर एक पिवळी रेघ, मग तिचा चेहरा पिवळा, मग कप. "आला बघ पाहुणा," म्हणायची. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. सूर्य अजून त्याच खिडकीत येतो. ज्येष्ठ निवासाच्या खिडक्या उत्तरेकडे आहेत, मी चौकशी केली आहे.

शुक्रवार, १४ मार्च. दुपारी २.

आठ भोकं. एकूण एकतीस. मासा नाही.

कबूल करतो: आज एका भोकापाशी बसलो असताना डोळे ओले झाले. थंडीने होतात. बाहेर आलेलं पाणी पापणीवरच गोठतं, त्यामुळे कोणाला कळत नाही, अर्थात कोणी नव्हतंही. मनात वडिलांना म्हटलं, तुम्ही सांगितलं तसंच केलं हो, धुराडं, पाइन, खडक, सगळं. त्यांनी उत्तर दिलं नाही. जिवंतपणीही ते मासा धरताना बोलत नसत.

तळंही चार दिवस गप्प आहे. एकदाही हुंकार नाही. इतका जाड बर्फ आणि कूस बदलत नाही?

दुपारी ४.

कमरेत लचक. बारा किलोमीटर स्की... जमेल. उतार आहे. अर्धा तरी.

नवा संकल्प: उद्या तो एक मासा. एकच. आणि खोटं बोलायचं नाही. मात्र मासा सापडला आणि निसटला असं सांगितलं तर ते पूर्ण खोटं नाही, कारण मासे निसटतातच.

शनिवार, १५ मार्च. दुपारी सव्वादोन.

घाईत लिहितो. बाहेर आलेली मंडळी स्की काढत आहेत, तेवढ्यात.

दारावर थाप पडली. वाटलं मेर्वी. सूपचे रिकामे डबे पायाने बाकाखाली ढकलले, छाती काढली, दार उघडलं. दारात एक म्हातारी. लाल टोपी, भुवयांवर बर्फ, मागे घसरगाडी आणि गाडीवर बर्फात खोचलेले राउतू. अकरा मोजले, मग थांबलो.

म्हणाली, "सरका आजोबा, जागा करा. शेवटी येणाऱ्याचा मान." रानातल्या खोपीचा कायदाच आहे तसा: जो आधी आला त्याची झोप आणि ऊब दोन्ही झालेली असतात, म्हणून झोपायचा बाक उशिरा येणाऱ्याला. पण आजोबा? बाई माझ्यापेक्षा मोठी दिसत होती. विचारलं. "ब्याऐंशी," म्हणाली, "इर्मेली नाव. मागून आठजण येताहेत, पण ते जरा वयस्कर आहेत."

मी म्हटलं, मी सहा दिवस इथे आहे. ती म्हणाली, "मग तर पोटभर राहून झालंय की!"

मग हातमोजे काढत तिने विचारलं, "दलदलीत ती भोकं कोणी पाडली हो? ओळीत? आमच्यातल्या कोणाचा पाय गेला असता."

मी म्हटलं, कोणी संशोधक आले असतील. नंतर, सहज, विचारलं की दलदल म्हणजे नक्की कुठे. तिने खिडकीतून बोट दाखवलं. माझ्या तळ्याकडे. "तळं त्या झाडांच्या मागे आहे. शहाऐंशी साली ही खोप उचलून ओढ्याच्या अल्याड आणली नाही का? धुराडं इकडे आलं, तळं तिथेच राहिलं."

मी म्हटलं, हे मला कोणी कळवलं नाही.

"सगळ्या गावाला पत्रं गेली होती," ती म्हणाली. ती पत्रं मीच वाटली असणार.

नाव विचारलं. सांगितलं. "अगंबाई, मेर्वीचे बाबा! हिल्लाकोतीत चार नंबरची खोली तुमच्यासाठी धरून ठेवलीय की. आमचं मासेमारी मंडळ तिथलंच. दर शनिवारी निघतो."

मी ताठ उभा राहिलो आणि स्पष्ट सांगितलं की मी कुठल्याही ज्येष्ठ निवासात येणार नाही, माझं स्वतःचं घर आहे, स्वतःची खिडकी आहे. ती म्हणाली, "बरं. नका येऊ." आणि माझं अंथरूण गुंडाळून खाली ठेवलं.

थोड्या वेळाने मी विचारलं, फक्त माहितीसाठी, मंडळात नव्या माणसाला घेतात का.

"घेतो. पहिलं वर्ष कॉफी करण्याच्या कामावर."

आणि गिरमीट?

तिने खिडकीतून पुन्हा एकदा त्या ओळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दुसऱ्या वर्षी विचार करू," म्हणाली. "किटली कुठेय?"