बोडकीवरचे दोन दगड

प्रिय धैर्यशील,

फोन केला की तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून सुटतोस, म्हणून हे पत्र. ते मध्येच कापता येत नाही.

फौजेतून निवृत्त होऊन तुला दोन वर्षं झाली. तीनदा गावी आलास आणि तीनदा दारातूनच गाडी वळवून पुण्याला गेलास. घरामागची बोडकी टेकडी चढायला अर्धा तास लागतो, तेवढाही तुला मिळाला नाही. भरती झालेल्यानं वर आपला दगड ठेवायचा, त्यावर गेरूची खूण करायची आणि नोकरी संपली की स्वतःच्या हातानं तो उतरवून घरी आणायचा, ही गावची रीत आता मी तुला शिकवायची का? आई येईल त्याला सांगते, “पोरगं अजून फौजंतच हाय.” ऐकून माझं टाळकं सरकतं.

पंधरा दिवसांमागे मी शाळेत शिकवायला गेले होते, तेव्हा ही बाई अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काठी टेकत एकटी वर गेली. दगड पदरात बांधून आणला, धुतला, उशाशी ठेवला. गुडघे सुजून टम्म, पण चेहरा असा फुललेला की मला ओरडताही येईना. तुझा राग मी भांड्यांवर काढला.

आठ दिवसांनी पारूबाई आली. तिचा राजरत्न तुझ्याबरोबरच भरती झाला होता, दोघांचे दगडही शेजारी शेजारी. तो चकमकीत गेला, म्हणून त्याचा दगड कुणी उतरवत नाही. दर पौर्णिमेला ती त्याला गेरू लावते. या वेळी जागा रिकामी दिसली, म्हणून विचारत आली. तुझी खूण पावसानं कधीच धुऊन नेली होती. ज्यावर गेरू ताजा तो आपल्या धैर्यशीलचा, असं आईनं धरलं.

आता पारूबाई भांडणार म्हणून मी धास्तावले. तिनं दगडावरून हात फिरवला आणि आईला म्हणाली, “असू द्या, आक्का. आठ दिस का हुईना, माजा पोरगा घरात ऱ्हायला.” त्या दिवशी आई जेवली नाही.

काल पारूबाईनं आणि मी तो परत वर नेऊन ठेवला. शेजारी तुझा होता, शेवाळलेला. मला तो जड नव्हता, तरी मी उचलला नाही. राजरत्नला येता येत नाही, तुला येतं. रविवारी ये. गाडी वर जात नाही, चालत चढ. आई मागच्या दारात बसून बघणार आहे. तू येतोयस असं मी तिला सांगून टाकलंय.

तुझीच,
अजून न निवळलेली ताई