तीस मिलिमीटरचं कडं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, पाण्याखाली फोटो काढणाऱ्यांच्या कॅमेऱ्यांना पाणी न शिरणाऱ्या पेट्या आणि काचा बसवून देण्याचा व्यवसाय, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. डावा कान ठार बहिरा आहे, पण लिहायला तो लागत नाही. माझ्यावर कुणाचा दाब नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती आणि त्यांत धाकट्या बहिणीला एक खिळाही ठेवला नव्हता.

१. दुकान आणि वरची खोली माझ्या पश्चात धाकटीला मिळावी. तिने विकली तरी हरकत नाही. मात्र विकेपर्यंत दुकानात तिने समुद्राखाली काढलेले फोटो लावू नयेत. गिऱ्हाईक आत आलं की कामाआधी विचारतं, "त्या तुमच्याच बहीण ना?" चाळीस वर्षं मी हो म्हणत आले.

२. बँकेत जे काही असेल ते कानाच्या धर्मादाय दवाखान्याला द्यावं. पाण्याखाली उतरायला शिकायचं वेड माझं होतं, तिचं नव्हे. मी एकोणीस वर्षांची होते. घरचे एकटीला सोडेनात म्हणून पंधरा वर्षांची धाकटी सोबतीला आली, तीही कुरकुरत. तिसऱ्या दिवशी सर्दी असताना मी हट्टाने खाली गेले आणि पाच मीटरवर कानाचा पडदा फाटला. डॉक्टरांनी मला पाणी कायमचं बंद केलं. आई धाकटीला म्हणाली, "फी भरलीच आहे, तू तरी पूर्ण कर." ती अजून करतेच आहे.

३. माझी जोड्यांची वही धाकटीला देऊ नये. तिला तिच्यातलं काही कळत नाही. वहीत कुठल्या लेन्सला कुठली काच आणि मध्ये किती लांबीचं कडं, याच्या तीनशे बारा नोंदी आहेत. बारीकसारीक जीव जवळून टिपणाऱ्या लेन्सला सपाट काच चालते. रुंद दृश्याच्या लेन्सला घुमटासारखी फुगीर काच लागते आणि ती लेन्सपासून नेमक्या अंतरावर असावी लागते. ते अंतर कडं राखतं. कडं लांब झालं तर फोटोच्या कोपऱ्यांत अंधार येतो, आखूड झालं तर कोपरे फिसकटतात. एकेक जोडी मी दुकानातल्या काचेच्या टाकीत बुडवून तपासली आहे. माझा समुद्र तेवढाच. ही वही लेथवाल्याला द्यावी.

४. हत्यारंही लेथवाल्यालाच. माझी सगळी कडी त्याने कातली. त्याला साक्षीदार करायचा माझा विचार होता, पण ज्याला काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते असं वकीलबाई म्हणाल्या. त्याने एकदा माझी चुगली केली आहे, ती आता सांगते. तरी हत्यारं त्यालाच, कारण तो खोटं माप देत नाही.

५. खोटं माप मी एकदा दिलं. सव्वीस वर्षांपूर्वी एका मोठ्या मासिकाने धाकटीला देवमाशांचे फोटो काढायला थंड समुद्रात पाठवलं, तीन आठवड्यांसाठी. निघायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली, टेबलावर बसली आणि म्हणाली, "ताई, खाली गेलं ना की वाटतं, वर येऊच नये. तुला नाही कळायचं." ती सहज बोलली. तिला तीस मिलिमीटरचं कडं लागत होतं. मी वीसचं बसवलं. "टाकीत बघितलंय," असं सांगितलं. ती माझ्या शब्दावर गेली.

तेव्हा फिल्म होती. धुतल्याशिवाय काही दिसत नसे. परत आल्यावर पाहिलं तर देवमासे मधोमध ठसठशीत, आणि शेपट्या, पिल्लं, कोपऱ्यात जे जे होतं ते सारं पुसल्यासारखं. मासिकाने फोटो नाकारले आणि पुढची दोन वर्षं तिला काम दिलं नाही. धाकटी म्हणाली, "पाणीच गढूळ होतं." मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते, की मला चांगले आठ-दहा दिवस बरं वाटलं.

त्यानंतरही प्रत्येक नवी लेन्स घेऊन ती माझ्याकडेच आली. मागच्या वर्षी माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ती सोबत राहिली होती. पट्टी असताना माणसाला बोलायला सोपं जातं. मी सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "माहितीये. आल्या आल्या लेथवाल्याला कडं मोजायला दिलं होतं."

"मग परत माझ्याकडेच का यायचीस?"

"दुसरीकडे गेले असते तर लोकांनी कारण विचारलं असतं. दुकान बसलं असतं तुझं."

इतकी वर्षं ती हे पोटात ठेवून माझ्यासमोर चहा प्यायली. मी तिची माफी मागितली आणि तिने दिली. तिला माफ करणंही किती सहज जमतं, याचा मला त्या रात्रभर हेवा वाटत राहिला.

६. माझं काहीही समुद्रात नेऊन सोडू नये. हयातीत मला जिथे घेतलं नाही तिथे मेल्यावर मी जाणार नाही.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी धाकटीने करावी. पैशाच्या आणि मापाच्या बाबतीत माझा तिच्याइतका कुणावर विश्वास नाही.

पुरवणी. आज सकाळी सही करण्यापूर्वी धाकटीला हे वाचायला दिलं. तिने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "ताई, पाचवं कलम काढून टाक. उगाच लोक वाचतील."

मी म्हटलं, "वाचू देत. त्या फोटोंमागे एकदा तरी माझं नाव येईल."

मग तिने पेन माझ्या हातात दिलं. पाचवं कलम कायम आहे.

ठिकाण: दुकानावरची खोली
दिनांक: १७ ऑक्टोबर २०२३, मंगळवार

मृत्युपत्र करणारीची सही: (सही)

आम्ही दोघांनी सही समक्ष पाहिली व एकमेकांसमोर आपापल्या सह्या केल्या.
साक्षीदार पहिले: कुटुंबाचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसऱ्या: शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)