लेस्टरबद्दल तू विचारलंस म्हणून

निशी-कसाई,
रविवार, १८ जानेवारी

प्रिय सत्या,

तुझे तीन मेसेज आले, दोन मिस्ड कॉल आले, आणि मी गप्प. रागावला असशील. लेस्टर पेटिफरला पुण्याच्या तुमच्या नव्या बास्केटबॉल संघात घ्यावं का, अडतिसाव्या वर्षी त्याला तीन हंगामांचा एवढा मोठा करार द्यावा का, इतकंच तर तू विचारलं होतंस. "ताई, तू त्याची दुभाषी होतीस, त्याला रोज पाहिलंयस. तू हो म्हण, मी मालकांना हो सांगतो." पाच दिवस झाले, हे वाक्य डोक्यातून जात नाही.

निव्वळ खेळाचं विचारशील तर घे त्याला. उडी कमी झालीय, पण रिंगवर आपटलेला चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांच्या आधी कळतं. तळाला असलेला आमचा क्लब मागच्या हंगामात त्याने एकट्याने वर ओढला. तो तासभर आधी येतो म्हणून विशीतली जपानी पोरंही तासभर आधी यायला लागली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आमच्याकडे आला होता. दाराच्या चौकटीखालून जवळजवळ दुमडूनच आत आला, आणि चकल्यांचा अख्खा डबा संपवला. माझ्याशी जपानीतच बोलणारी माझी लेक चारुता त्याच्याशी दोन तास इंग्रजीत गप्पा मारत होती. तेव्हा मला तुझी आठवण झाली. तू सोसायटीच्या भिंतीवरच्या त्या वाकड्या रिंगमध्ये चेंडू टाकायचास आणि मी गटाराच्या कडेला उभी राहून तो अडवायचे.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. नरेंद्रच्या बँकेच्या बदलीवर जपानला आले, त्यानंतर आठ वर्षं मी इथे 'नरेंद्र-सानची बायको' होते. सुपरमार्केटच्या मागे बेंतोचे, म्हणजे विकायच्या तयार जेवणाचे, डबे भरायची बाइतो केली, तासांवर पगार मिळणारी किरकोळ नोकरी, रात्रंदिवस जपानी शिकले, तेव्हा कुठे क्लबचं काम मिळालं. त्यातली अट अशी होती, की लेस्टर असेपर्यंत मी. तो गेला की मीही गेले.

गेल्या जूनमध्ये त्याचा करार संपला आणि नव्या करारावरून इथल्या पेपरांत वाद सुरू झाला. या वयात तीन वर्षं? एवढी रक्कम? क्लबने सही करण्याआधी त्याला तपासणीला पाठवलं. डॉक्टर म्हातारे होते, सावकाश बोलणारे. बाकी सगळं ठीक आलं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, खेळताना किंवा एरवी कधी शुद्ध हरपली होती का? हो म्हटलं की हृदयाची पुढची तपासणी करायची, असं ठरलेलं होतं. मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. लेस्टर हसतच, डॉक्टरांना संशय येणार नाही अशा आवाजात म्हणाला, "दोनदा. मागच्याच महिन्यात. पण हे त्यांना सांगू नकोस, मेधा." आणि मी जपानीत म्हणाले, "नाही, कधीच नाही." डॉक्टरांनी खूण केली आणि पान उलटलं. त्याच्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत राहिले. पण सत्या, त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर लेस्टर नव्हता. ते बेंतोचे डबे होते.

करार झाला. नोव्हेंबरमध्ये सरावाच्या वेळी तो पडला. कुणाचा धक्का नाही, पाय घसरला नाही. चेंडू हातात असताना लेस्टर सरळ तोंडावर आपटला. पडणारा माणूस हात पुढे करतो ना, त्याने केले नाहीत. तो आवाज मला अजून ऐकू येतो. अँब्युलन्समध्ये शुद्धीवर आला. आधी असं झालं होतं का, त्यांनी विचारलं. माझं मनगट धरून तो म्हणाला, "पहिल्यांदाच." मी म्हणाले, "पहिल्यांदाच." जसंच्या तसं भाषांतर.

पुढच्या तपासण्यांना तो तयार होईना. डिसेंबरात क्लबने आणि त्याने मिळून करार संपवला. बाहेर सांगितलं, 'घरगुती कारण'. म्हणून तो आज मोकळा आहे आणि तुमच्या यादीत आहे. बाहेर कुणालाच काही माहीत नाही.

मंगळवारी त्याचा अमेरिकेहून फोन आला. "तुझा भाऊ विचारेल. चांगलं सांग. एवढी तीन वर्षं, मग मी थांबतो." बोलता बोलता तो मध्येच गप्प झाला. लाइन चालू होती, मागे टीव्हीचा आवाज येत होता. मी चारदा हॅलो म्हटलं. बऱ्याच वेळाने जड आवाजात म्हणाला, "आहे मी, आहे." काय झालं होतं, ते मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची मला भीती वाटली.

म्हणून हे पत्र, सत्या. फोनवर मी पुन्हा काहीतरी गाळलं असतं. उद्या सकाळी क्लबमध्ये जाऊन हे सगळं सांगणार आहे. नरेंद्र म्हणतो, यानंतर तुला कुणी दुभाषी म्हणून उभं करणार नाही. खरंच आहे ते. या पानांचे फोटो तुला आत्ताच पाठवते आणि मूळ कागद टपालाने. खाली माझी सही आहे, तुमच्या मालकांना दाखव, डॉक्टरांना दाखव. हृदयाची पूर्ण तपासणी झाल्याशिवाय त्याला कोर्टवर पाऊल ठेवू देऊ नकोस, नुसत्या फोटोसाठीसुद्धा नाही. आणि तो प्रश्न त्याला तूच विचार, मध्ये कुणी नको. तो 'नाही' म्हणाला तर हे पत्र त्याच्यासमोर ठेव. त्याला मराठी येत नाही. तू त्याला इंग्रजीत वाचून दाखव, एकही शब्द न गाळता.

तुझीच,
मेधाताई