सहा नंबरची ट्यूबलाइट

१२ नोव्हेंबर

सलग चौथी नाइट. आमच्या आयसीयूला खिडकी एकही नाही, ट्यूबलाइटी चोवीस तास. बाहेर कधी उजाडतं, कधी मावळतं, आम्हालाच कळत नाही — पेशंटला काय कळणार!

सहा नंबरला हसीनाबी. पैठणच्या. न्यूमोनिया. तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. सारखं एकच — "बेटी, मगरिब हुई क्या?" डोक्यावर लख्ख उजेड. त्यांच्या लेखी दिवस मावळतच नाही, मग संध्याकाळची नमाज कशी व्हायची?

१३ नोव्हेंबर

आज त्यांनी सलाइन उपटलं. ऑक्सिजनचा मास्क दोनदा फेकला. "अम्मी, मी दाऊद" — पोटच्या पोराला ओळखलं नाही! तो बाहेर जाऊन रडला. डॉक्टर म्हणाले, हात बांधा.

मी बांधले.

१४ नोव्हेंबर

धीर करून डॉक्टरांना विचारलं, सहा नंबरची ट्यूब रात्रीपुरती बंद ठेवू का? हसीनाबींना झोप पाहिजे. आमच्या इनचार्ज आवडाबाई भडकल्या — "अंधारात ओठ निळे पडले अन् दिसले नाय तर? कोण जबाबदार?" खरंच आहे. म्हटलं, मी शेजारी थांबते, टॉर्च घेऊन. डॉक्टर — "एक रात्र. बघा."

ट्यूब मालवली. हात सोडले.

"मगरिब हुई क्या?"

"झाली, अम्मा."

ओठ पुटपुटत राहिले. अर्ध्या तासानं डोळे मिटले! मग मी स्टूल ओढलं. पहाटेपर्यंत मॉनिटर बघत बसले.

१५ नोव्हेंबर

बसमध्ये डोळा लागला. उतरायचं होतं शेंद्र्याला, जाग आली तर करमाडही मागं गेलेलं. कंडक्टरनं ना शेंद्र्याचं नाव घेतलं, ना माझं. उलटं चालत आले.

१७ नोव्हेंबर

अंधाराच्या एका रात्रीच्या तीन झाल्या, डॉक्टरांनी होऊ दिल्या. काल सलग पाच तास झोप! ऑक्सिजन कमी केला. सकाळी शुद्धीत — "दाऊद, जेवलास का रे?" तो पुन्हा रडला. आवडाबाईंनी आज कुणाला न विचारता चार नंबरचीही ट्यूब बंद केली.

२० नोव्हेंबर

वॉर्डात भेटून आले. हसीनाबींनी हात धरला.

"पहिल्या रात्री मी झोपलेच नव्हते, बेटी. अंधार झाला अन् डोकं जरा थाऱ्यावर आलं. बघितलं, तू उभीच. या पायावरून त्या पायावर. म्हटलं, मी डोळे मिटले तर ही पोरगी तरी बसंल."