पूल शाबूत आहे

मेहकर, भाद्रपद वद्य तृतीया, संध्याकाळ

पूर ओसरला. लाकडी पुलाची एक फळीसुद्धा गेलेली नाही. हेच मनातून जात नाही.

काल पैनगंगेचं पाणी त्या फळ्यांवरून वाहत होतं. पलीकडच्या वस्तीतली गंगू अडली होती, म्हणून आमच्या गल्लीतली सुईण राबियाबी निघाली. मी तिचा हात धरला.

"सोडा मले, मास्तर. बाई मरून जाईन तिकडं."

"आणि तू वाहून गेलीस तर?"

"माह्यं मी पाहीन."

मी सोडला नाही. पूल जाणारच, असं वाटलं होतं खरं. की नुसता भ्यालो होतो?

गंगू पहाटे गेली. मूल जगलं.

पाणी उतरल्यावर तिकडे गेलेली राबियाबी दुपारी परतली. मी धरलेलं मनगट सुजलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "लेकराले दूध पायजे. तुमची गाय दुभती हाये न?"

तांब्या घेऊन मीच पलीकडे गेलो. फळ्या जराही हलल्या नाहीत. गंगूच्या सासूने दूध घेतलं आणि माझ्यापुढे हात जोडले. "देवासारखे धावून आले, मास्तर."

राबियाबीने तिला काहीच सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही.