धाकट्या, तू तपासून घे

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र आईसमोर वाचू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, ताई मजेत आहे, शेजारीण रोज विचारपूस करते.

मी ज्या दवाखान्यात फरशी पुसते, तिथे आतड्यात दुर्बीण घालून तपासतात. या देशातल्या लोकांना पंचेचाळिशी झाली की या तपासणीचं बोलावणं घरी जातं. आम्हा बाहेरून आलेल्या सफाईवाल्यांना कोण बोलावतंय! मला वर्षभर शौचावाटे रक्त जात होतं. कंत्राटदाराच्या डॉक्टरने पोटाला हातही न लावता मलम दिलं. म्हणाला, "तुम्ही लोक तिखट खाता, मूळव्याधच असणार."

शेवटी तिथल्या नर्सबाईने मला भिंत धरून उभी पाहिलं आणि हट्टाने आत नेलं. ज्या पलंगाची चादर मी रोज बदलते, त्यावरच झोपले रे. मोठी गाठ निघाली. यकृतापर्यंत पोचलीय. वर्षापूर्वी एवढासा कोंब असता, तिथल्या तिथे कापला असता म्हणे.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला होता का हा आजार?" मी नाही म्हणाले, आणि एकदम बाबा आठवले. त्यांच्या दुखण्यालाही सगळे मूळव्याधच म्हणायचे ना?

म्हणून हात जोडते, उद्याच तपासायला जा. लाजू नकोस, सुगीनंतर बघू म्हणू नकोस. मला नुसतं "जाऊन आलो" एवढं लिही. तेवढ्यावर मी पुढचे दिवस काढीन.

तुझीच,
ताई