गेममध्ये तू काही बनत नाहीस

आर. के. पुरम, नवी दिल्ली

प्रिय सुनंदा,

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. आईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांचा मोडलेला खुबा आता काय म्हणतो ते कळव. फोनवर विचारलं की तू "बरं आहे, जेवलात का, ठेवते" एवढं एका दमात म्हणून मोकळी होतेस (शेजारी आई बसलेल्या असतात, समजतं मला). गणपतीत माहेरी फलटणला गेलीस, आता इथे रजया निघाल्या. त्यांना एकटं टाकून तुला निघता येत नाही, हेही समजतं. समजून उपयोग काय, हे मात्र समजत नाही.

आपली प्रणिता रविवारी हॉस्टेलवरून येते. मी नुसता भिंतीकडे बघत बसतो हे तिला बघवेना, म्हणून तिने माझ्या लॅपटॉपवर एक व्हिडिओ गेम टाकून दिला. "बाबा, आधी आपला कॅरेक्टर बनवा, मस्त टाइमपास होतो यार!" त्यात म्हणे बाई नाहीतर पुरुष निवडायचा आणि नाक, डोळे, कंबर सगळं माउसने कमी-जास्त करायचं. म्हटलं, चला, सुनंदाच बनवू. (हसू नकोस.)

अगं, बनतच नाही! कंबर पार शेवटच्या टोकापर्यंत वाढवली, तरी सुरईच्या मानेएवढीच राहिली. त्यातून आतडी जातात कशी? या बाईने एक पुरणपोळी खाल्ली तर ती कुठवर पोचली ते बाहेरून दिसेल. पाय काखेपासून सुरू होतात. डोळे आमटीच्या वाटीएवढे. असे दोन डोळे बसवल्यावर मेंदूला जागा कुठे उरली, असं विचारलं तर प्रणिता म्हणाली, "बाबा, लॉजिक मत लगाओ." मनगट असं की तुझ्या बांगड्या थेट खांद्यापर्यंत चढतील, आणि त्याच मनगटाने ही शिडीएवढी तलवार फिरवते. खांद्यावर लोखंडी चिलखत, पोट मात्र बर्फातसुद्धा उघडं! तू असतीस तर स्वेटर चढवल्याशिवाय तिला दाराबाहेर सोडलं नसतंस. वय वाढवायची सोय आहे. वाढवलं, तर केस पांढरे झाले आणि चेहरा विशीतलाच. चष्म्याने तुझ्या नाकावर पडलेला वळ, रागावलीस की भुवयांमध्ये येते ती आठी, निऱ्या खोचतेस तिथलं मऊ पोट, यातलं काही म्हणता काही त्यात मिळत नाही. फार वाईट वाटलं गं.

कहर म्हणजे ही बाई किल्ल्याच्या बुरुजावरून उडी मारते, एक गुडघा टेकते आणि चालू लागते. इकडे आईंची अंगणातली एक पायरी काय चुकली, तर किती महाभारत! मला वाटलं, यात काहीतरी युक्ती असणार. म्हणून माळ्यावरून रजई काढली, खाली अंथरली आणि स्टुलावरून अगदी तिच्यासारखी उडी मारली. गुडघा टेकला. उठणं राहिलं. घरात कोणी नाही, तेव्हा तीच रजई ओढून फरशीवर पडून राहिलो, आणि समोर स्क्रीनवर ती आपली संथ झोके घेत उभी. लागलं का म्हणून विचारायची सोय तिच्यात नाही. आता बाम लावतोय, पण दुखतं नेमकं तिथेच हात पोचत नाही. गेमवाल्यांना मी हसतो खरा, पण आपलंही शरीर काही धड बनवलेलं नाही. पाठीच्या मधोमध स्वतःचा हात पोचू नये, ही कसली रचना?

सुनंदा, मला तुझी फार आठवण येते. प्रणितापुढे बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

तुझाच,
सुधाकर

ता. क. पाठ आता बरी आहे, काळजी करू नकोस. (अजिबात बरी नाही.)

आणखी एक ता. क. क्वार्टर बदलून तळमजल्याचं मागितलं होतं, ते मिळालं. एकही पायरी नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय.

शेवटचा ता. क. आईंसाठी. आई, पाकीट आधी तुम्हीच फोडणार हे मला ठाऊक आहे. जावयाच्या घरी राहायचं नाही हा तुमचा हट्ट, आणि तुम्हाला सोडून सुनंदा हलत नाही. पण मी नीट विचार केला. हे घर जावयाचं नाहीच मुळी, भारत सरकारचं आहे. सरकारच्या घरी राहायला कुठल्याच शास्त्रात मनाई नाही. या ना आई. आणि येताना माझ्या बायकोला घेऊन या.